गच्चीवरचा व्हॉल्व्ह

३ फेब्रु. १९९२, सोम. सुकापूर, पनवेल
हे आज दाढी करताना शीळ घालत होते. गॅस प्लांटमधून रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा! उरण रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडून जुना कंट्रोल व्हॉल्व्ह आणलाय. डोकं म्हणजे एकीवर एक उपडी घातलेल्या दोन थाळ्या. "मध्ये रबराचा पडदा. हवा भरली की दांडी उचलतो, पाणी सुरू." गच्चीच्या टाकीला बसवणार. वॉचमन सोडून गेल्यापासून कॉक फिरवायला सगळे पाळीपाळीने चार मजले चढतायत. सेक्रेटरी पाटणकर म्हणाले, "बसवा. पण रविवारच्या मीटिंगपर्यंत नीट चालला तरच ठेवू."

५ फेब्रु., बुध.
बसला! पंक्चरवाल्याचा जुना कॉम्प्रेसर जिन्याखाली, तिथून बारीक नळी थेट गच्चीत. खाली खटका दाबला की वर फुस्स, आणि नळाला पाणी. मलाही दाबू दिला.
इतकी वर्षं हे प्लांटमध्ये काय करायचे ते आज पाहिलं. मी आपली डबा भरून देत होते.

७ फेब्रु., शुक्र.
फजिती. शुक्रवारी लाइट जाते हे कोणाच्याच लक्षात नाही. कॉम्प्रेसर थांबला, हवा संपली, व्हॉल्व्ह बंद. पाटणकर टॉवेल गुंडाळून, डोक्यावर फेस घेऊन गॅलरीत. "सामंतसाहेब, पाणी!" जिन्यात हिराबाई मासेवाली. "बाय, तुज्या नवऱ्यानं पान्याला कुलूप लावलाय का? हात धुवाला थेंब नाय!"
मला हसू आवरेना. हे गच्चीत जाऊन बघून आले. मग म्हणाले, "बिघडला नाही गं तो. हवा गेली की स्प्रिंगनं बंदच व्हायला हवा. तिकडे प्लांटमध्ये आत गॅस असतो, उघडा राहिला तर संपलंच."
पाटणकर : रविवारी काढायचा.
शीळ बंद. चहा तसाच.

८ फेब्रु., शनि.
पोळ्या लाटताना शाळेचं मिशन होस्टेल आठवलं. दिवे गेले की अंधारात कोणी आत अडकू नये म्हणून सिस्टर आधी सगळी दारं उघडायच्या. आम्ही घाबरून लावायला धावायचो. "नो, गर्ल्स. ओपन!" अजून कानात आहे.
यांना म्हटलं, "हवा गेल्यावर उघडेल असा नाही का करता येणार?"
यांनी हातातला पेपर खाली ठेवला. "येतो की! स्प्रिंग पडद्याच्या खाली घालायची, हवा वरून. हवा असेपर्यंत बंद, गेली की उघडा. जन्मभर बंद करायचीच सवय, त्यामुळे..." पुढचं वाक्य गच्चीकडे पळताना जिन्यात.
स्प्रिंग एकट्यानं दबेना. मग मी व्हॉल्व्हच्या वरच्या थाळीवर बसले, साडी सावरून. रोज वजन कमी कर म्हणणारा माणूस खालून ओरडतोय, "अजून थोडा जोर दे!" दोघंही लहान मुलांसारखे हसत होतो.

९ फेब्रु., रवि.
मीटिंग. पाटणकर खूप वेळ ताणून शेवटी म्हणाले, "एक शुक्रवार देतो. एकच." हे घरी येऊन दोनदा जेवल्यासारखे जेवले.

१४ फेब्रु., शुक्र.
यांनी मोरीच्या दाराशी खुर्ची टाकलीय. नळ सोडलेला पण अजून कोरडा, खाली बादली. वरून पाटणकर, "मी साबण लावून बसलोय हो!" हिराबाई पाटी उतरवून जिन्यात. "पानी आला तर साफ करून देन, नाय तर पापलेट तसाच घ्या."
लाइट जायची वाट बघत बसायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली. यांची नजर नळावरून हलत नाही. शीळ मात्र, अगदी बारीक...
पंखा हळू झाला. गेली लाइट. जिन्याखालचा कॉम्प्रेसरही थांबला. हे उठून उभे राहिलेत. वर गच्चीत काहीतरी फुस्स, आणि बादलीत पाणी!