म्हसोबापासून चार हात

१२ नोव्हेंबर १९४६, कर्जत
निकालाची नक्कल हातात पडली. सहा महिने सक्तमजुरी. अपिलापुरता जामीन. म्हणे मी फटफटी उजव्या बाजूला घातली आणि गोमा गाडीवानाचा जीव घेतला. पंचनाम्यात लिहिलंय, टक्कर म्हसोबाच्या दगडापासून चार हातांवर. बरोबर. पण तेव्हा म्हसोबा माझ्या डाव्या हाताला होता! मॅजिस्ट्रेटसाहेब महिन्याने जागा बघायला आले, तेव्हा उजव्या. त्यांनी तिथूनच चार हात मोजले. झालं.

१५ नोव्हें.
खालापूर रस्त्याला गेलो. गावच्या पाटलाला विचारलं, दगड कोणी हलवला?
"देव कोन हलवंल, सायेब? रस्त्यावं मानूस मेला का तो आपला पलीकडं जातो."
म्हणजे गावानेच हलवला. रीतच आहे त्यांची. पण हलवला असं तोंडाने म्हणायचं नाही, देव कोपतो. साक्षीला कोण येणार? त्यातून मी भाताच्या लेव्हीचा इन्स्पेक्टर, घरोघरचं भात सरकारसाठी सक्तीने उचलणारा. आधीच नावडता.

१६ नोव्हें.
डावीकडे गवतात खळगा सापडला. तळाशी शेंदूर, बोटांना लागला. भर दुपार, पण एक पाखरू ओरडेना. सरळ पळत सुटलो. लाज वाटते लिहायला.

२० नोव्हें.
भाऊसाहेब वकिलांना घेऊन गेलो. खळगा नाही. चार दिवसांत तिथे सलग गवत! भाऊसाहेब माझ्याकडे बघत राहिले. माझ्या नखांत शेंदूर अजून आहे, तो त्यांना दाखवला.
परतताना गोमाची बायको चांगुणा वाटेत उभी.
"त्या दिशी देव डावीकडंच व्हता. सकाळी मीच त्याला त्याल घातलं. तुमची चूक नवती, दादा. बैल बुजला."
कोर्टात सांगशील?
"सांगन. मंग कोपंल तो. कोपू दे."
रडू आलं मला. नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

२७ नोव्हें. संध्याकाळ
उद्या अपील. प्रतिज्ञापत्रावर अंगठा द्यायला चांगुणा आज दुपारी यायची होती. पहाटेच बैलगाडीने निघाली म्हणे.
पाच वाजले. भाऊसाहेब दोनदा येऊन गेले.
आत्ता खालापूरहून एक गाडीवान आला. त्याला गाडी कुठे दिसली नाही. म्हसोबा कुठल्या बाजूला आहे, विचारलं.
"कुठं हाय म्हसोबा? दोनी अंगाला नाय. रस्ता मोकळा हाय."
तिला मीच बोलावलं. कंदील घेऊन निघतो. चालतच जाईन.