ओली लाकडं आणि माझी पस्तीस वर्षं

तीर्थरूप मामांस,

वाकून नमस्कार. (कागदावर वाकताना कंबर आडवी येत नाही, म्हणून पत्र मला अजून आवडतं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं ऐकता, की अजून स्वयंपाकघरात लुडबुड करून बोलणी खाता? आमच्याकडे सगळं ठीक.

पुढच्या शुक्रवारी मी निवृत्त होतोय. पस्तीस वर्षं युद्धशास्त्र शिकवलं आणि जन्मात कुणावर हात उगारला नाही. बायको म्हणते, ज्याला दूधवाल्याशी धड भांडता येत नाही, तो अधिकाऱ्यांना चढाई काय शिकवणार! (दूधवाल्यासमोर मी माघार घेतो. तेही शास्त्रच आहे.)

पण मामा, ही नोकरी मला तुमच्यामुळे लागली. आठवतंय का, मी प्रबंध लिहीत होतो? समोरचा शत्रू दमलेला असताना एक सेना नदीकाठी तीन दिवस नुसती बसून का राहिली, यावर मी दोनशे पानं खरडली होती. हुलकावणी, मानसिक दबाव आणि काय काय. तुमच्या जेवणाच्या टेबलावर वाटाण्यांचं पायदळ मांडून मी ते तुम्हाला समजावत होतो. पलटणीत बावीस वर्षं स्वयंपाक केलेले तुम्ही शांतपणे माझं पायदळ गोळा करून पातेल्यात टाकलंत आणि म्हणालात, "पाऊस झाला होता ना रे? मग लाकडं ओली असणार. उपाशी माणसं नदीत कशाला उतरतील?" मला असा राग आला म्हणून सांगू! तुम्हाला खोटं पाडायला दुसऱ्याच दिवशी दप्तरखाना गाठला. तीन आठवडे धूळ खाल्ल्यावर त्या सेनापतीचं पत्र सापडलं. त्यात डावपेचाचं अक्षर नाही, नुसती कोरड्या सरपणाची विनवणी. माझी दोनशे पानं रद्दीत गेली आणि नव्याने लिहिलेल्या चाळीस पानांवर पदवी, नोकरी, लग्न सगळं पार पडलं. तेव्हापासून कुठलीही लढाई शिकवताना मी आधी विचारतो, चुली कुठे होत्या? विद्यार्थी मला पाठीमागे 'सरपण सर' म्हणतात.

फक्त एक लबाडी केली. त्या प्रबंधाचं पुढे पुस्तक झालं, त्यात तुमचं नाव घातलं नाही. 'एका अनुभवी लष्करी जाणकाराच्या मते' असं लिहिलं. स्वयंपाक्याचं मत म्हटलं तर मोठी माणसं हसतील, ही भीती. पाच आवृत्त्या निघाल्या, वाक्य तेच. लोक समजले, कुणी निवृत्त सेनापती असणार. मी गप्प बसलो. तुम्ही पुस्तक वाचलं नाहीत हे माझं नशीब, असं धरून चाललो होतो. परवा मामी फोनवर म्हणाल्या, ते पान तुम्ही केव्हाच वाचलंय, आणि "पोराने मला जाणकार म्हटलंय" म्हणून शेजाऱ्यांनाही दाखवलंय. मामा, मला तुमची लाज वाटली होती, आणि आता माझी वाटते.

तुमचा ऋणी,
भाचा

ता. क. नव्या आवृत्तीत तुमचं नाव हुद्द्यासकट छापून आलंय. पहिल्याच पानावर.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. निरोप समारंभात त्या 'जाणकारांना' व्यासपीठावर बसवायचं आमच्या संचालकांनी ठरवलं होतं. मी खरं काय ते सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, पाहुण्यांची खुर्ची खाली पहिल्या रांगेत ठेवू. मी म्हटलं, मग माझीही तिथेच ठेवा. तेव्हा शुक्रवारी वर संचालक एकटेच बसतील, फुलदाणीशेजारी. तुम्ही या मामा. माझ्या शेजारची खुर्ची तुमची आहे.