दोन पांढरे

प्रिय खारूताई,

पत्र पाहून घाबरू नकोस, आम्ही दोघं धडधाकट आहोत. फोनवर मी मुद्द्याचं सोडून उगाच हवापाण्याच्या गप्पा मारत बसतो, म्हणून लिहितोय. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तुला कळवायचं नाही, असा मीच तुझ्या आईला दम भरला होता, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस.

पट्टी निघाली आणि पहिली नजर गेली ती आईच्या स्वेटरवर. निळाशार! इतकी वर्षं मी त्याला राखाडी समजून तिला चिडवत होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, पण इतकं हळूहळू की माणसाला पत्ताच लागत नाही. घरी आल्यावर मी छत, दूध, उशीचा अभ्रा, जे दिसेल ते बघत सुटलो. एक डोळा मिटायचा, दुसरा उघडायचा. आई म्हणाली, या वयात कुणाला डोळा मारताय? हसून हसून पोट दुखलं.

मग एकदम गॅरेज आठवलं आणि हसू पळालं. रंग मोजायच्या यंत्राला हात न लावता नुसत्या नजरेने मी चाळीस वर्षं गाड्यांचे रंग जुळवले, त्याचा मला केवढा ताठा होता! त्या पांढऱ्या गाडीच्या नव्या दाराला मी रंग बनवला, तेव्हा तू हळूच म्हणालीस, बाबा, हा निळ्याकडे झुकतोय. तू तुझा वेगळा बनवलास आणि दोन्ही रंग पत्र्याच्या दोन तुकड्यांवर मारून दाखवलेस. मला दोन्ही पांढरे अगदी एकच दिसत होते गं. आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, तुला रंग कळत नाही, तुझी नजरच कच्ची आहे. तू हात पुसलेस आणि गॅरेज सोडून निघून गेलीस. आता तिकडे ऑफिसात दिवसभर फायली लावतेस.

पण त्याहून जिव्हारी लागलं ते आईने सांगितलेलं. तू म्हणे हल्ली साधा टॉवेल घेतानाही दुकानदाराला विचारतेस, हा हिरवाच आहे ना? पोरी, माझ्या पिवळ्या भिंगापायी तू स्वतःच्या धडक्या डोळ्यांवरचा विश्वास घालवलास. माझी मलाच लाज वाटली.

काल गॅरेजमध्ये जाऊन तो तुझा पत्रा शोधला. शेजारी माझा ठेवला, आणि मागे त्या गाडीचं काढून ठेवलेलं जुनं दार. डाव्या डोळ्याला तिन्ही सारखे. उजव्याने पाहिलं, तर माझा चक्क निळसर, आणि तुझा त्या गाडीचा पांढरा, बरोब्बर तोच.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी होतं. मी ते पुढे ढकललंय. डॉक्टरीणबाई रागावल्या, आई तर बोलतच नाही. पण तो डोळाही साफ झाला, की माझी चूक मला पुन्हा कधी दिसणार नाही, नुसती आठवेल. ती दिसतेय तोवर तू एक दिवस ये. नोकरी सोड असं मुळीच म्हणत नाही. फक्त माझ्याशेजारी उभी राहा. मी ओरडलो तेव्हा हजर होते त्या सगळ्यांना बोलावतो, दोन्ही पत्रे हातात धरतो आणि तितक्याच मोठ्याने सांगतो, की माझ्या लेकीला बरोबर दिसत होतं, आणि मला दिसत नव्हतं.

तुझाच, सध्या एकाच डोळ्याने शहाणा झालेला,
बाबा