सगळे एकच बोली बोलतात

१२ सप्टेंबर, कुंभवली
इथली बोली पहिल्याच दिवशी मला भारी पडली, म्हणून लिहायला बसले. नोकरदार मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून आज रुजू झाले. खोली हवेशीर. गच्चीवरच्या पिंपांना झाकणे नाहीत, ती बसवून घेणार. स्वयंपाकाची ठकी डोंगराकडची. इतक्या झपाट्याने बोलते की निम्मे सुटते. "नाय" नव्हे, "नाही" म्हण, असे सांगितले तर म्हणाली, "बाई, तुमी आधी रेडिओत होत्या काय?" मुली खिदळल्या. मीही हसले, पण तोंड फिरवून.

२१ सप्टेंबर
चिकनगुनिया. झाकणे यायची आहेत, डास आधी आले. सांधे असे धरलेत की वेणी घालता येत नाही. बोईसरच्या डॉक्टरांनी बजावले, बोलण्यात किंवा भानात फरक पडला तर थेट पालघरच्या रुग्णालयात निघा. मला फरक पडत नसतो, असे त्यांना सांगितले.

२९ सप्टेंबर
ताप गेला, कामावर हजर. ठकीचे आज अक्षरही कळले नाही. मुद्दाम करते. मुलींतली थोरली हेमाली, एडवणची, पदवीधर, माझ्याशी नेहमी स्वच्छ बोलणारी. तीही तसेच बोलू लागली. दोघींना ताकीद दिली. ही चेष्टा चालणार नाही.

३० सप्टेंबर
साताऱ्याहून धाकट्या बहिणीचा, पारूचा फोन. पारूही तीच बोली बोलते.
पारू इकडे कधी आलेली नाही.

१ ऑक्टोबर
हेमालीने कागदावर लिहून समोर धरले: बाई, आम्ही मराठीच बोलतोय. तुम्ही बोलता ते आम्हाला कळत नाही.
वाचता आले. म्हणजे डोके शाबूत आहे. मी एकेक शब्द तोडून, ठणकावून तिला उत्तर दिले.
ठकी रडायला लागली.

२ ऑक्टोबर
आरशापुढे पाढे म्हटले. ओठ बरोबर हलले. आवाज — कुणा परक्या बाईचा.
पालघरला निघते. घाबरून नाही. कुणी उचलून नेण्याआधी स्वतःच्या पायांनी —

३
भरती. अंगावरचे काढून द्या, असे नर्स खुणांनी सांगते. नोंद केल्याशिवाय देणार नाही.
सोबत आलेल्या हेमालीकडे दिले: घड्याळ एक. कुड्या दोन. भाकरी — नाही, मोबाइल. साडी. समुद्र एक.
पेनही मागतात. नाही. खाली सही मीच करणार. वस्तू माझ्या, नाव माझे. नाव —
थांबा. कुणी सांगू नका. मला येते. मला ये—