मास्तर कापूस बाजारात आले

५ ऑक्टोबर १८६४, अकोला
गोपाळकृष्णपंत मास्तरांनी शाळा सुटल्यावर थांबवलं. मले वाटलं, आता छडी. तर म्हणतात, "चंद्रभान, पुढल्या साली मुंबईची प्रवेश परीक्षा देशील? मग कॉलेज. रोज सकाळी घरी ये, मी शिकवीन." फी नको म्हणाले. कुणब्याचं पोर मी, अन् कॉलेज! लगेच होकाराची मान हलवली.

२१ ऑक्टोबर
रोज मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात जातो. मी ओसरीवर, मास्तर उंबऱ्याच्या आत. भूमितीत चुकलो की रागावत नाहीत. पाटी पुसतात अन् म्हणतात, "पुन्हा." आज आठ वेळा पुन्हा झालं. आठव्यांदा जमलं, तवा आतून मास्तरीणबाईंनी गूळ पाठवला. असा माणूस मले जन्मात भेटला नव्हता.

१४ नोव्हेंबर
बाबा हिवरखेडहून कापसाच्या गाड्या घेऊन आले. कापसाले सोन्याचा भाव! कापसाच्या व्यापारी शेटजीच्या दुकानात गोऱ्या साहेबाची इंग्रजी चिठ्ठी वाचायले कोणी नव्हतं. बाबांनी मले पुढं केलं. शेटजी बेहद्द खूश. बाबांले म्हणाले, "नत्थुजी, हा पोरगा मले कारकुनीले द्या." बाबा म्हणाले, "कॉलेजात जाऊन तरी नोकरीच करशील ना? थे इथंच चालून आली."
मी हो म्हटलं. खोटं कशाले लिहू — जबरदस्ती कोणीच केली नाही. मलेच जरीची पगडी दिसून राहिली होती.
मास्तरांले सांगायचं राहिलं. उद्या जाईन.

२ डिसेंबर
गेलो नाही.

१९ जानेवारी १८६५
आज मास्तर बाजारात आले. मी गाठींच्या मागं लपलो. हमालांले विचारत होते, "चंद्रभान कुठं भेटेल?" उन्हात लई वेळ उभे राहिले. मले परत न्यायलेच आले असतील. काय तोंड दाखवू त्यांले?
ते गेल्यावर पुंजाराम हमाल म्हणाला, "काहून लपले जी? कोण होय थो?"
"माहे मास्तर," म्हटलं, अन् गाठी मोजायले लागलो.

३ फेब्रुवारी
ठरलं. उद्या जाऊन पाय धरतो. परीक्षेले अजून वेळ आहे. शेटजी गेला उडत.

४ फेब्रुवारी
मास्तर घरी नव्हते. मास्तरीणबाई दारात आल्या. हातात सोन्याच्या पाटल्या नाहीत, नुसत्या काचेच्या बांगड्या. म्हणाल्या, "शाळा सोडली त्यांनी. पगार तोच, अन् ज्वारी चौपट झाली या कापसापायी. त्या दिवशी तुझ्याकडेच आले होते — नोकरीसाठी शेटजींजवळ शब्द टाकशील म्हणून. तू भेटला नाहीस."
मी लपलो होतो हे सांगायची हिंमत झाली नाही. भेकड आहे मी, दुसरं काय.

६ फेब्रुवारी
दुकानात नवा कारकून आला. शेटजी म्हणाले, "चंद्रभान, याईले काम शिकवजो."
मास्तर समोर बसले, कागद पुढं ओढला अन् मले म्हणाले, "सांगा."