लाल सदऱ्यातला बारा नंबर

मिंक हॉलो, केंटकी
१० ऑक्टोबर १९८३

चि. डेलमर यास आजीचे अ.आ. वि.वि. आशीर्वाद आहेत, पण रागातले आहेत.

शनिवारी तुमच्या कॉलेजचा फुटबॉलचा सामना रेडिओवर लागला. मी शेंगा सोलायला घेऊन शेवटपर्यंत कान देऊन बसले. तुम्ही जिंकलात, पुन्हा जिंकलात. तो रेडिओवाला ज्याचं त्याचं कौतुक करत होता, कोण लंगडत बाहेर गेला त्याचंसुद्धा नाव घेतलं. आपलं स्टिडम हे आडनाव एकदाही नाही. तुझं हे चौथं आणि शेवटचं वर्ष. काल चर्चच्या पायरीवर इव्हालीननं, आपल्या पाळकाच्या बायकोनं, सगळ्यांदेखत विचारलं की डेलमर संघात आहे म्हणजे करतो काय, पाणी वाटतो का. मी म्हटलं, तुझा नवरा दर रविवारी काय करतो ते आधी सांग. ती तरातरा आत गेली खरी, पण तू काय करतोस ते मलाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा लिही. मार खातोस, बाकावर बसतोस का मैदान झाडतोस? काही असलं तरी चालेल. चर्चमध्ये किती खोटं बोलायचं ते मी ठरवीन, पण खरं काय ते मला माहीत हवं.

गाय बरी आहे. तुझ्या बापाचं डेट्रॉइटहून अक्षर नाही. माझा लोभ वाढणार का आटणार, ते तुझ्या उत्तरावर.

तुझी आजी ऑर्फा

लॉरेल्टन
१७ ऑक्टोबर १९८३

ती. आजीस डेलमरचा सा.न.वि.वि. तुझा राग उतरला असेल असं धरून लिहितो.

पाणी वाटत नाही. मी सरावाच्या संघात आहे. म्हणजे असं, की येत्या शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांचे डाव आम्ही आठवडाभर आधी शिकून घ्यायचे आणि सरावात तेच व्हायचं. त्यांचा चेंडू हातानं फेकणारा, डाव चालवणारा पोरगा जसा पळतो तसा मी पळतो, जसा फेकतो तसा फेकतो. त्यांच्या रंगाचा सदरा देतात, वर त्यांच्या पोराचा नंबर. आमची खरी पोरं मला पकडायला शिकतात. शनिवारी मी आमच्या निळ्या कपड्यात कडेला उभा.

प्रत्यक्ष सामन्यात मी एकदाही उतरलेलो नाही, आजी. सांगायची लाज वाटली. कोच म्हणालेत की अजिंक्यपदापर्यंत पोचलो आणि शेवटाला हातात आघाडी असली, तर मला आत पाठवतील. तेवढं होईल का माहीत नाही. झालं तर तू बघायला हवीस. बाकी कोणी नसलं तरी चालेल.

कृपा असू दे, शेंगा ठेव थोड्या.

डेलमर

मिंक हॉलो
१४ नोव्हेंबर १९८३

चि. डेलमर यास अ.आ. आशीर्वाद नेहमीचेच, डोकं मात्र ठिकाणावर नाही.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. तू आपल्या पोरांविरुद्ध खेळतोस. चांगला खेळलास तर आपली पोरं चिडणार, वाईट खेळलास तर कोच चिडणार. मग तू कुणाच्या बाजूचा? गेल्या आठवड्यात टेनेसीचा होतास, त्याआधी ओहायोचा. मेल्या, आरशात तरी आपलाच दिसतोस ना? इव्हालीनला मी सांगितलं की आमच्या डेलमरला सगळे संघ खेळवतात. ती म्हणाली, असं कसं होईल. मी म्हटलं, तुला फुटबॉलमधलं काय कळतं. मलाही कळत नाही, पण मी तिच्याआधी बोलले.

अंतिम सामन्याला पोचलात तर चर्चची बस निघणार आहे. मी येते. या थंडीत एवढ्या लांब मी कुणाच्या मयतालाही गेले नसते, हे लक्षात ठेव. इतक्या पोरांत तुला ओळखायचं कसं तेवढं कळव. डोक्यावर त्या हेल्मेटच्या बादल्या घालून सगळी सारखीच दिसता.

लोभ आहे, सर्दीही आहे.

आजी

लॉरेल्टन
५ डिसेंबर १९८३

ती. आजीस सा.न. घाईत आहे, नमस्कार धावताच घे.

पोचलो! शनिवारी अंतिम सामना, व्हिटलो कॉलेजशी. हा आठवडा मी लाल सदऱ्यात, बारा नंबर, त्यांचा तो नावाजलेला पोरगा. मुलं म्हणतात मी हुबेहूब बारा नंबर झालोय, तो फेकण्याआधी खांदा उडवतो तेसुद्धा आलं. कोचनी पुन्हा शब्द दिलाय. आजी, शेवटची मिनिटं माझ्यावरून नजर हलवू नकोस. ओळखशीलच.

लोभ असावा, गरम मोजे घालून ये.

डेलमर

मिंक हॉलो
१२ डिसेंबर १९८३

चि. डेलमर यास अ.आ. हे पत्र बसून लिहिते आहे, तूही बसून वाच.

तुमची बस परस्पर निघाली, आमची परस्पर. भेट झाली नाही ते एका अर्थी बरं, तोंडावर सांगवलं नसतं.

तू लिहिलंस लाल सदरा, बारा नंबर. मी लाल बारा नंबर बघितला. सबंध सामना. दारात खेळाडूंची नावं आणि नंबर असलेली छापील पुस्तिका विकत होते, पण माझ्याकडे तुझं लेखी होतं, मी कशाला घेते? इव्हालीन म्हणाली, लॉरेल्टनचे निळे. मी म्हटलं, डेलमरला त्यांनी नेलंय, ही पद्धतच आहे. खांदासुद्धा तसाच उडवत होता रे तो. निळ्यांच्या गर्दीत बसून मी लाल पोराला ओरडून ओरडून बळ दिलं. मागच्या माणसानं विचारलं, म्हातारे, तू नक्की कुणाची. मी म्हटलं, बारा नंबरची.

मग त्यानं चेंडू निळ्यांच्याच हातात फेकला आणि बाकावर डोकं गुडघ्यांत घालून बसला. मला राहवेना. मी पायऱ्या उतरून लालांच्या बाकामागच्या कठड्यापर्यंत गेले आणि चांगलं खडसावलं. उठ, म्हटलं, नाक पूस, आपल्या घरात हरल्यावर कुणी बसून राहत नाही. त्यानं बादली काढून वर बघितलं. लाल केसांचा, ठिपक्याठिपक्यांच्या तोंडाचा, भलत्याच कुणाचा पोरगा. आणि त्याच वेळी कर्ण्यावर तुझं नाव ऐकलं. वळले तोवर सगळी माणसं उभी, मग सामना संपल्याचा भोंगा, मग सगळीकडे पोरंच पोरं.

तू उतरलास ते मी बघितलं नाही. एवढंच सांगायचं होतं.

आजी

लॉरेल्टन
१६ डिसेंबर १९८३

ती. आजीस सा.न.वि.वि.

खरं लिहितो. मी आत पळालो तेव्हा आधी तुमची रांग शोधली. इव्हालीनबाई दिसल्या, शेजारची जागा रिकामी. वाटलं, थंडी सोसली नसेल, बसमध्ये जाऊन बसली असशील. मन खट्टू झालं. चूक माझीच. मी माझा नंबर लिहिलाच नव्हता. सोळा आहे. इतकी वर्षं कुणी विचारला नाही, म्हणून सांगायची सवय नव्हती.

सामना संपल्यावर आम्ही रांगेनं हात मिळवले. तो बारा नंबर डोळे पुसत आला आणि विचारत होता, कठड्यापाशी ती कुणाची आजी होती. त्यानं तुझे शब्द सांगितले तेव्हा मी म्हटलं, माझी. तो म्हणाला की तो घाबरून उठला, मग उभाच राहिला, आणि बरं झालं, कारण मागे त्याची आई बघत होती.

आणि तू फार काही चुकवलं नाहीस. आघाडी असली की शेवटी चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकायचा, वेळ संपते. मी तेवढंच केलं. चेंडू घेतला, गुडघा टेकला. चार वर्षांत एवढंच.

लोभ आहे ना अजून?

डेलमर

मिंक हॉलो
१९ डिसेंबर १९८३

चि. डेलमर यास अ.आ.

ज्यांनी बघितलं ते सगळे मला येऊन सांगतायत, आणि प्रत्येकाचं वेगळं. इव्हालीन म्हणते तू पडलास. पाळक म्हणतात तू प्रार्थना केलीस. तू म्हणतोस गुडघा टेकला. मला यातलं एकही ऐकायचं नाही.

नाताळाला घरी येशील तेव्हा तो सोळा नंबरचा निळा सदरा घेऊन ये. कोच देत नसेल तर मी कोचला पत्र लिहीन. अंगणात उभा राहा, चेंडू घे आणि जे केलंस ते कर. मी पायरीवर खुर्ची टाकून बसते. इव्हालीनला बोलावणार नाही, तिनं एकदा बघितलंय.

लोभाचं काय विचारतोस, गाढवा.

अंगणात चिखल आहे. जुनी पँट घाल.

आजी