मार्केट ऑल्डनचा शेवटचा भाजीवाला

मार्केट ऑल्डन,
गुरुवार, ११ ऑक्टोबर २०१८

प्रिय बेरिल आत्या,

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. तुमच्या टास्मानियात आता वसंत लागला असेल. आमच्याकडे नदीवरचं धुकं दुपारपर्यंत उठत नाही.

अक्षराला हसू नकोस. थंडीनं बोटं जरा आखडली आहेत, बाकी काही नाही.

तुझा धाकटा भाऊ सध्या या गावातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस आहे, हे तुला सांगायलाच हवं. नगर परिषदेनं गुरुवारचा बाजार बंद करायचं मनावर घेतलंय. चौकात झाडं लावायची, कॉफीची टेबलं मांडायची असा बेत आहे. त्याच्याविरुद्ध ‘बाजार वाचवा’ समिती उभी राहिली. अध्यक्ष ॲलिस्टर फेन. चर्चसमोरचं लोकरवाल्या शेठचं घर आठवतं ना? ते त्यांनी घेतलंय. लंडनमधली वकिली सोडून इथं आलेत, माणूस तसा सरळ आहे. त्यांनी बाबांचा फोटो काढला, डोक्यावर टोपी, हातात कोबी, आणि बटर क्रॉसच्या, चौकातल्या त्या जुन्या दगडी मंडपाच्या, खांबांमध्ये हा एवढा मोठा फलक टांगला. खाली लिहिलंय, ‘सातशे वर्षांचा बाजार, चार पिढ्यांचे ट्रॅन्टर.’ म्हणजे आपलंच घराणं.

बाबा फलकाखाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, “पंधरा दिवस झाले, कोबी अजून हिरवागार. म्हणजे माझा नव्हेच तो.”

लंडनहून वर्तमानपत्राची एक बाई आली होती. बाबांनी तिला प्लेगची गोष्ट ऐकवली. गावाबाहेरच्या दगडाच्या खळग्यात व्हिनेगर भरायचं, नाणी त्यात बुडवून द्यायची आणि भाजी लांबूनच उचलायची, पण गुरुवार चुकवायचा नाही. युद्धात स्टेशनवर बॉम्ब पडला त्या आठवड्यातही आजोबांनी गाजरं विकली, हेही सांगितलं. बाई भराभर लिहून घेत होती. जाताना तिनं बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “तुम्ही हार मानू नका हं.” घेतलं मात्र काही नाही. गाडीत जागा नव्हती म्हणे.

धंद्याचं विचारलंयस. ठीक आहे. मासेवाला गॅड हल्ली येत नाही. चीजवाली महिन्यातून एकदा येते. मोबाइलची कव्हरं विकणारा एक पोरगा असतो, आणि आम्ही. उरलेली भाजी लेन पोकॉकच्या डुकरांना जाते. खाटिकखाना बंद केल्यापासून लेननं मागच्या अंगणात दोन डुकरं पाळलीत. बाबा त्याला म्हणतात, “लेन, गावात माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे तुझी डुकरं. कधी घासाघीस करत नाहीत.”

लेन हसतो. मीही हसते.

तुझी,
मॉरीन


मार्केट ऑल्डन,
२० जानेवारी २०१९

प्रिय आत्या,

नाताळचं तुझं कार्ड मिळालं. उत्तराला उशीर झाला. बाबा फोनवर का येत नाहीत असं तू दोनदा विचारलंस. ते बरे आहेत. बोलणं मात्र कमी झालंय.

बाजार बंद झाला, आत्या. नव्या वर्षापासून चौकात ओटे लागत नाहीत. दगडी फरशी धुऊन काढली आहे. इतकी स्वच्छ ती मी जन्मात पाहिली नव्हती.

कसं झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. नोव्हेंबरात जुन्या धान्य बाजाराच्या इमारतीत सभा झाली. सगळं गाव लोटलं होतं, लोक जिन्यावर उभे होते. परिषदेचे लोक खाली मान घालून बसलेले. फेनसाहेबांचं भाषण झालं, फार सुंदर बोलले. शेवटी म्हणाले, “आता सिरिल दोन शब्द सांगतील.” टाळ्या थांबेनात.

बाबांनी टोपी काढली. म्हणाले, “बंद करा.”

लोकांना वाटलं टाळ्या बंद करा म्हणतायत. काही जण हसलेही.

“बाजार बंद करा म्हणतोय मी,” बाबा म्हणाले. त्यांना माइक लागत नाही, तुला ठाऊक आहे. “सातशे वर्षं हा बाजार भरला, कारण गावाला भाजी लागत होती, लोणी लागत होतं, मासळी लागत होती. सनद राजानं दिली असेल, पण बाजार चालवला तो पोटानं. आज इथं चारशे माणूस आहे. गेल्या गुरुवारी माझ्याकडून बटाटे नेलेल्यांनी हात वर करा.”

सहा हात वर आले. त्यातला एक लेनचा.

“तुम्हाला बाजार नकोय,” बाबा म्हणाले. “बाजाराचं चित्र हवंय. ते तुम्ही टांगलंतच.”

फेनसाहेब उठले. चेहरा पांढराफटक. “पण सिरिल, तुमच्या घराण्याच्या चार पिढ्या...”

त्यावर बाबा आणखी काही बोलले. ते आत्ता लिहीत नाही.

मग काय, परिषदेला आयतंच मिळालं. शेवटचा भाजीवालाच नको म्हणतोय म्हटल्यावर समितीचं काय उरलं? दुसऱ्या दिवशी आमच्या दारावर कुणीतरी काळ्या रंगानं लिहून गेलं, ‘बाजारबुडव्या’. मी घासलं, पण अक्षरं अजून दिसतात. बेकरीतली बाई सुटे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवते. आणि लेन. बाबा ‘फ्लीस’ पबमध्ये गेले, नेहमीच्या टेबलाशी बसले, तर लेननं आपला ग्लास उचलला आणि खिडकीशी जाऊन बसला. साठ वर्षांची दोस्ती. बाबांनी अर्धी बिअर तशीच ठेवली आणि घरी आले. मला म्हणाले, “लेनच्या डुकरांना उपाशी ठेवलं ना मी.” एवढंच.

मला काम लागलंय. छपराखालचं, उबेतलं. त्याबद्दल पुढे लिहीन.

एक गोष्ट तुलाच सांगते, कुणाला बोलू नकोस. बाजाराविनाच्या पहिल्या गुरुवारी मी उजाडेपर्यंत झोपले. छतावर पाऊस वाजत होता आणि मला कुठंही जायचं नव्हतं. मला सुख वाटलं, आत्या. मग खालून बाबांच्या बुटांचा आवाज आला. ते कपडे करून, टाय बांधून, स्वयंपाकघरात नुसते उभे होते.

तुझी,
मॉरीन


मार्केट ऑल्डन,
रविवार, ९ जून २०१९

प्रिय आत्या,

मार्चमध्ये फोनवर तू विचारत राहिलीस, “अगं, पण कशानं गेला तो?” आणि मला रडण्यापलीकडे काही सुचेना. निमोनिया, एवढंच सांगितलं. डॉक्टरांच्या कागदावर तेच आहे. पण बहिणीला तेवढ्यावर गप्प बसवणं बरं नव्हे. आज नीट सांगायला बसले आहे.

आधी माझ्या हातांचं. थंडीत माझी बोटं पांढरी पडतात, मग निळी, मग काही लागतच नाही, अशी दोन-तीन वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणखी एक हिवाळा उघड्यावर काढलात, तर उजव्या हाताची दोन बोटं वाचवता येणार नाहीत.” मी बाबांना कळू दिलं नाही. पण या गावात काय लपतं? औषधांच्या दुकानात कुणीतरी कळवळून त्यांना विचारलं, “मॉरीनची बोटं कशी आहेत आता?”

सभेत फेनसाहेब म्हणाले ना, तुमच्या घराण्याच्या चार पिढ्या म्हणून? तेव्हा बाबा म्हणाले, “चार पुरे झाल्या. चौथी ती बघा, तिथं दाराशी उभी आहे. तिला सांगा हातमोजे काढायला. मी आहे तोवर ती ओटा सोडायची नाही, आणि ओटा आहे तोवर मी सोडायचा नाही. आमच्या दोघांच्यानं होत नाही, तेव्हा तुम्हीच बंद करा.”

सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. मी हात कोटाच्या खिशात घातले आणि बाहेर पडले. हे लिहायला मला सात महिने लागले.

आता कामाचं. जुन्या गुरांच्या बाजाराच्या जागेवर सुपरमार्केट आहे. तिथं भाजी विभागात लागले मी. दुसरं मला येतं काय? हिरवा गणवेश, छातीवर नाव. मी घरी इतकंच सांगितलं होतं की दुकानात काम आहे. बाबांनी कुठलं ते विचारलं नाही. त्यांना कळलं नसेल असं मला वाटत होतं, म्हणजे बघ.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी ते आले. टोपी, टाय, बुटांना पॉलिश. मी फ्लॉवर रचत होते. त्यांनी एक उचलला, प्लॅस्टिकवरूनच नाकाशी नेला, खाली ठेवला.

“याला वास नाही गं,” ते म्हणाले.

“बाबा, घरी बोलू आपण.”

“तुझी बोटं बघू.”

मी दाखवली. गुलाबी होती. त्यांनी एकेक बोट दाबून पाहिलं, जणू मटाराच्या शेंगा तपासतायत. मान हलवली. मला वाटलं आता जातील. पण ते त्या फ्लॉवरच्या ढिगाशी उभे राहिले, टोपी मागं सारली आणि ओरडले.

“या हो या! फुलासारखा फ्लॉवर! नवऱ्याला घाला, सासूला घाला, उरला तर मलाही पाठवा! अहो लाल कोटवाल्या बाई, बघताय काय, तुमच्यासारखाच ताजा आहे!”

तोच आवाज, आत्या. चौकातून नदीपर्यंत जायचा तो. छपराखाली तर तो घुमलाच. ब्रेडच्या रांगेतली माणसं थांबली. कुणी हसलं. एकानं फोन वर धरून चित्र घ्यायला सुरुवात केली. गिरणी गल्लीतली म्हातारी एडी स्पॅरो मात्र आपली ढकलगाडी घेऊन सरळ त्यांच्यापुढे आली आणि म्हणाली, “सिरिल, नेहमीसारखा मोठा बघून दे.” त्यांनी खरंच निवडून दिला.

माझी वरिष्ठ शॅनन पंचविशीची पोर आहे. तिचा काही दोष नाही. ती हळूच म्हणाली, “मॉरीन, त्यांना बाहेर नेशील का? मला वरून बोलणी बसतील.”

मी त्यांचा कोपर धरला. ते निमूट चालू लागले. बाहेर पार्किंगमध्ये गारांचा मारा होता. बाबा थांबले, धाप लागली होती, पण हसत होते. “आवाज शाबूत आहे अजून,” म्हणाले. “माल नाही.” मग त्यांचा चेहरा पिळवटला, रडू फुटलं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. मी म्हटलं, “थांबा, कोट घेऊन येते, घरी सोडते.” मी आत जाऊन परत येईतो ते निघून गेले होते. भिजत, चौकाला वळसा घालून, चालत गेले.

त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत. खोकला धरला. इस्पितळात नेलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटचे दोन दिवस ते शुद्धीवर होते, पण आवाज गेला होता. काही म्हणायचे, ते मला ऐकू येत नसे. मी आपली “हो बाबा, हो बाबा” करत होते.

मातीला नऊ जण होतो. लेन आला नाही.

आणि आता कालची गोष्ट. त्याआधी, मे महिन्यात, फेनसाहेब घरी आले होते. सोबत केक. म्हणाले, चौकात बाबांच्या नावाचं बाक बसवतोय, सगळ्यांनी वर्गणी दिली. पितळी पट्टीवर काय कोरलंय ते दाखवलं. ‘सिरिल ट्रॅन्टर. बाजारासाठी अखेरपर्यंत लढले.’

“लढले नाहीत ते,” मी म्हटलं. “बंद करा म्हणाले. तुमच्यासमोर म्हणाले.”

“ते मनापासून थोडंच होतं, मॉरीन? थकले होते ते. आणि लोकांना आता चांगलंच आठवू दे ना.”

“दारावर बाजारबुडव्या लिहिलं तेही लोकांनीच.”

त्यांनी खाली पाहिलं. “म्हणूनच,” ते म्हणाले. “म्हणूनच हे बाक.” डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी केक कापायला घेतला. मजकूर तोच राहिला.

काल दुपारी कार्यक्रम झाला. सगळं गाव होतं. बेकरीवालीनं मला मिठी मारली. लेन काठी टेकत मागं उभा होता. कॉफीच्या टेबलांवर गर्दी होती, वारा सुटला होता. मला बोलायला सांगितलं. मी ठरवून गेले होते. माइकपुढे उभी राहिले आणि सांगितलं, सगळं सांगितलं. बाजार बाबांनी बंद करायला लावला. माझ्या हातांसाठी लावला. तुम्ही सगळे त्या सभेत होता. आणि त्याबद्दल तुम्ही त्यांना एकटं पाडलंत.

बोलून झालं. मग टाळ्या पडल्या. कडकडून. माणसं हसून माझ्याकडे मान डोलवत होती. कुणी म्हणालं, “किती छान बोललीस, सिरिलला अभिमान वाटला असता.” मला काही कळेना. मग मोबाइलची कव्हरं विकायचा तो पोरगा तारा गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “माइक चालू नव्हता, ताई. वाऱ्यात काही ऐकू आलं नाही.”

मी लेनकडे पाहिलं. तो अगदी मागं होता. त्याला तर तसंही कमी ऐकू येतं. त्यानं टोपी काढून मला हात केला.

बाबा असते तर त्यांना माइक लागला नसता. माझा आवाज आईवर गेलाय.

सगळे पांगल्यावर मी त्या बाकावर बसले. लाकूड चांगलं आहे, ओक आहे. समोर स्वच्छ फरशी. कुणीतरी कॉफी घेऊन आलं आणि विचारलं, “इथं बसलं तर चालेल ना?” मी सरकून जागा दिली.

तू एवढ्या लांब आहेस, तरी तुला ऐकू जाईल म्हणून हे लिहिलं. मोठ्यानं वाच, आत्या. कुणी नसलं तरी मोठ्यानं वाच.

या गावात उरलेली शेवटची ट्रॅन्टर,
तुझी
मॉरीन